अल्युमिनाच्या पट्ट्या, वरचे तडे आणि भट्टी: उद्यमबागेतल्या साडेचार महिन्यांच्या नोंदी

४ मे
आमचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं हीट ट्रीटमेंटचं शॉप आहे. भट्टीतल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणारी वायर) अल्युमिना या सिरॅमिकची शीथ, म्हणजे संरक्षक नळी, असते, एक १८०० रुपयांना पडते, आणि गेल्या वर्षात आठ शीथ तुटल्या. शीथ गेली की आतली प्लॅटिनमची वायरही खराब होते, तो खर्च वेगळाच. सगळे म्हणतात गरमीनं तुटते. मला ते पटत नाही कारण आठपैकी सहा सोमवारी सकाळी भट्टी गार असतानाच तुटलेल्या सापडल्या. म्हणून स्वतः अल्युमिनाच्या पट्ट्या तोडून बघायचं ठरवलं, की वरच्या ओरखड्यानं किती फरक पडतो आणि तापमानानं किती. पुतणी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हिशोब ती बघणार, लिव्हर आणि भट्टी मामा आणि मी.

यमनापूरच्या कारखान्यात अल्युमिनाची पावडर डोळ्यासमोर तयार होते पण भाजलेली पट्टी बाहेरूनच मागवावी लागते. ९६ टक्के अल्युमिनाच्या ६० पट्ट्या, १४० रुपये एक, म्हणजे ८४०० आणि कुरिअर वेगळं. साइज ३ × ४ × ४५ मिमी, एएसटीएम सी ११६१ मध्ये (सिरॅमिकची पट्टी वाकवून तोडायचं अमेरिकन मानक) हीच साइज दिलीय, म्हणजे उद्या कुणाला आपले आकडे ताडून बघायचे झाले तर बघता येतील.

११ मे
लिव्हर तयार. जुन्या चॅनेलचा सांगाडा, पिव्हटला ६२०२ बेअरिंग, पाचास एक, म्हणजे बादलीचं वजन पट्टीवर पाचपट. टोकाला बादली, बादलीत नळानं पाणी सोडायचं, पट्टी तुटली की नळ बंद आणि बादली काट्यावर. खाली दोन रोलर ४० मिमी अंतरावर, वर दोन २० मिमीवर. या मापात पट्टीवर एक न्यूटनला ०.८३ मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन म्हणजे एक मेगापास्कल) ताण येतो.

एक चूक इथंच झाली. खालचे रोलर वेल्ड करून पक्के केले होते. पट्टी वाकताना रोलर थोडा फिरला पाहिजे, नाही फिरला तर घासून ताकद जास्त दाखवतो. पुतणीनं बघितल्या बघितल्या सांगितलं. वेल्ड तोडून रोलर मोकळे केले, दोन्ही बाजूला रबर बँड लावून जागेवर धरले. अर्धा दिवस गेला.

१५ मे
पट्ट्या आल्यात त्या थोड्या जाड, म्हणून शेजारच्या सरफेस ग्राइंडरवर डायमंड व्हीलनं मापात आणल्या. १२ पट्ट्या तोडल्या. सरासरी बादलीत ५.१ किलो (लिव्हर आणि बादलीचं वजन आधीच धरून), म्हणजे २१० मेगापास्कल. कॅटलॉगात ३०० च्या वर लिहिलंय. सगळ्यात कमी १५०, सगळ्यात जास्त २६०. एकाच बॉक्समधल्या पट्ट्यांत एवढा फरक बघून मामा म्हणाले मालच खराब आलाय, परत पाठवूया की.

१७ मे
माल खराब नव्हता. तुटलेले तुकडे टॉर्च आडवा धरून भिंगाखाली बघितले. बारापैकी सात पट्ट्या कोपऱ्यावरून तुटल्यात, जिथं ग्राइंडिंगमध्ये कडेची बारीक कपची उडालीय. उरलेल्या पाच व्हीलच्या रेषेवरून. आम्ही पट्ट्या आडव्या ठेवून घासल्या होत्या, म्हणजे व्हीलचे ओरखडे पट्टीच्या लांबीला काटकोनात, आणि ताण नेमका लांबीच्या दिशेनं, त्यामुळं प्रत्येक ओरखडा सरळ उघडायलाच बसलेला.

सिरॅमिकचं दुखणं हेच आहे. स्टीलवर ओरखडा पडला तर टोकाशी स्टील जरा दबतं, पसरतं आणि ताण वाटला जातो. अल्युमिना दबत नाही. या मालाचा टफनेस, म्हणजे तडा पुढं पळायला माल किती विरोध करतो तो आकडा, साडेतीनच्या आसपास धरला (एमपीए रूट मीटर, पुढं नुसता आकडाच लिहितो) तर ३०० मेगापास्कलला तुटायला साधारण ८० मायक्रॉन खोल तडा पुरतो, म्हणजे डोक्याचा एक केस. साध्या काचेचा टफनेस पाऊण, आणि साधं स्टील ५० च्या पुढंच. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं १९२१ सालच्या पेपरात काचेवर हेच दाखवलं होतं, की काच मुळात कमजोर नसते, तिच्यावरचे बारीक तडे तिला कमजोर करतात.

२३ मे
परत १२ पट्ट्या. या वेळी ग्राइंडिंग लांबीच्या दिशेनं, शेवटचे फेरे अगदी हलके, कूलंट भरपूर, आणि चारी लांब कडा बारीक डायमंड फाइलनं हातानं मोडल्या. एका पट्टीला २० मिनिटं लागतात, बोटं सोलून निघाली, ग्राइंडरवाले अण्णा वैतागले पण केलं. सरासरी ७.६ किलो, म्हणजे ३१० च्या वर. तोच माल, तोच बॉक्स, आणि फक्त घासायची दिशा आणि कडा बदलल्यावर दीडपट. हे काम करणाऱ्यानं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण पट्टी लांबीतच घासा आणि कडा मोडा, माझ्या १२ पट्ट्या आणि चार दिवस याच्यातच गेले.

२ जून
आता मुद्दाम तडा पाडायचा, सगळ्या पट्ट्यांवर एकसारखा. आपल्याकडं हार्डनेस लॅब भरपूर, त्यामुळं व्हिकर्स मशीन (हिऱ्याचं टोक दाबून ठसा पाडणारं) सहज मिळालं. पट्टीच्या मधोमध १० किलोचा एक ठसा, एका ठशाला ६० रुपये. ठसा ११५ मायक्रॉनचा, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांतून तडे निघतात, मध्यापासून टोकापर्यंत साधारण १७० मायक्रॉन. ठशाचा एक कर्ण पट्टीच्या लांबीला समांतर यायला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कर्णातला तडा बरोबर आडवा येतो. पहिल्या तीन पट्ट्या तिरक्या लागल्या, त्या वाया.

तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्याला आपल्या फाउंड्रीवाल्यांचा डाय पेनिट्रंट वापरला, तीन डबे मिळून ११०० रुपये. लाल रंग लावून दहा मिनिटं थांबलो, पुसून काढला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. अर्ध्या मिनिटात पांढऱ्यावर चार बारीक लाल रेघा बाहेर आल्या, ठशाच्या कोपऱ्यातून, सुईनं काढल्यासारख्या. पुतणीनं फोटो काढून ठेवलाय. पट्टी तुटल्यावर तर अजून भारी, तुटलेल्या पांढऱ्या तोंडावर वरच्या कडेला लाल चंद्रकोर दिसते, बोटाच्या नखाएवढ्या आकाराची म्हणता येणार नाही पण नखाच्या घडणीची, तडा किती खोल आणि किती रुंद होता ते मायक्रोस्कोपखाली थेट मोजता येतं. फक्त डाय लावल्यावर पट्टी ओव्हनमध्ये चांगली वाळवून मगच तोडायची, ओल राहिली तर आकडा खाली येतो.

९ जून
ठसा मारलेल्या सहा पट्ट्या गार तोडल्या. बादलीत ३.३ किलो, म्हणजे १३५ मेगापास्कल. तड्याच्या मापावरून टफनेस काढला तर २.३. पुस्तकात ३ ते ४. परत तेच, कमी. मी लिव्हर परत तपासला, काटा तपासला, बेअरिंगला तेल घातलं. लिव्हर बरोबर आहे.

२० जून
पाऊस लागला आणि वेगळीच भानगड. ठसा न मारलेल्या चार चांगल्या पट्ट्या तपासणीसाठी तोडल्या तर २८०. मे महिन्यात ३१० होत्या. दोन कारणं सापडली. एक म्हणजे मोठा नळ बिघडला म्हणून बारीक नळानं पाणी सोडत होतो, त्यामुळं २० सेकंदांऐवजी सहा-सात मिनिटं लागत होती. दुसरं, हवेतली ओल. तड्याच्या टोकाशी पाण्याची वाफ पोचली की तिथले ताणलेले बंध तुटायला मदत होते आणि तडा हळूहळू पुढं सरकतो, तुटायच्या ताणाच्या खालीच. जेवढा वेळ जास्त तेवढा सरकायला वाव जास्त. ९६ टक्केवाल्या मालात दाण्यांच्या मध्ये काचेसारखा भाग असतो, त्याला हे जास्त लागतं.

तेव्हापासून नियम केला: पट्टी ११० डिग्रीला दोन तास वाळवायची, तड्यावर सिलिकॉन तेलाचा थेंब ठेवायचा, मोठ्या नळानं १५ ते २० सेकंदांत तोडायची. परत ३१० च्या आसपास आलो. जूनमधल्या ९ तारखेच्या सहा पट्ट्या मात्र पाऊस लागायच्या आधीच्या आणि जलद तोडलेल्या, त्यामुळं त्या २.३ चं उत्तर यात नाही.

६ जुलै
भट्टी. जुनी मफल (बंद पेटीसारखी भट्टी) १८००० ला घेतली, १२०० डिग्रीपर्यंत जाते. वरून भोक पाडून त्यातून अल्युमिनाचा दांडा आत सोडला, खाली अल्युमिनाच्याच नळीचा ठोकळा आणि अल्युमिनाचे रोलर. आधी मी स्टीलचा दांडा घातला होता, ८०० ला तो खपल्या धरून मऊ पडला आणि दुसऱ्या दिवशी सरळ वाकला. पैसे वाचवायला गेलो आणि तीन दिवस घालवले.

डिस्प्लेवर १००० दिसतं तेव्हा पट्टीजवळ ९६०. दारापाशी गार. पट्टीला जवळजवळ टेकेल असा वेगळा के टाइप थर्मोकपल लावला, तोच आकडा धरायचा.

१३ जुलै
ठसा मारलेल्या पट्ट्या, गरम असतानाच तोडल्या. तापमानाला पोचल्यावर अर्धा तास थांबून.
६०० ला: २.९ किलो, टफनेस २.०.
१००० ला: ४.१ किलो, टफनेस २.८.

म्हणजे गार असताना २.३, सहाशेला खाली, हजारला वर. मामा खूश झाले, म्हणाले बघ, तापल्यावर घट्ट होतोय, मग शीथ गरमीनं तुटते म्हणणारे सगळे चूक. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. एका शेजाऱ्याला सांगूनही आलो.

१६ जुलै
रात्री पुतणीचा फोन. "काका, तडा तोच आहे, पण ठसा मारताना आत जो दाब राहिलाय तो भट्टीत सुटालाय. तुम्ही टफनेस मोजालाच नाही, तो दाब मोजालाय."

तिचं म्हणणं असं. व्हिकर्सचा हिरा आत घुसतो तेव्हा त्याच्या खालचा अल्युमिना कायमचा दाबला जातो. हिरा काढला तरी तो दाबलेला गोळा आत पाचर मारल्यासारखा बसून राहतो आणि तड्याला आतून सतत उघडत असतो. म्हणजे बादलीत पाणी पडायच्या आधीच तडा अर्धा ओढलेला. आम्ही फक्त बादलीचा ताण धरला, पाचरीचा धरलाच नाही, म्हणून गार आकडा २.३ इतका कमी. हजार डिग्रीला पाचर सैल पडते, मग आकडा वाढल्यासारखा दिसतो. सहाशेला ती सैल पडत नाही, त्यामुळं तिथं माल जेवढा खरा उतरला तेवढाच खाली दिसला.

पटलं, पण पटून चालत नाही, बघायला पाहिजे. साधी परीक्षा: ठसा मारायचा, हजारला तासभर ठेवायचं, हळू गार करायचं आणि दुसऱ्या दिवशी गार असतानाच तोडायचं. तिच्या म्हणण्याप्रमाणं आकडा २.३ नाही यायला पाहिजे.

१९ जुलै
चार पट्ट्या. ५.०, ५.३, ५.१, ५.०. टफनेस ३.४.
गार पट्टी, तोच ठसा, तेवढाच तडा, मध्ये फक्त एक रात्र भट्टीत. मामा काट्यावरचा आकडा तीनदा वाचून गप्प झाले. मी शेजाऱ्याकडं जाऊन आधीचं सांगणं मागं घेतलं.

२७ जुलै
दुसऱ्या वाटेनंही तपासलं. ठसा मारून वरचा थर घासून काढायचा, म्हणजे पाचर निघून जाते आणि खालचा तडा उरतो. एएसटीएमच्याच सी १४२१ मध्ये वरच्या तड्याची जी पद्धत आहे ती हीच, तिथं नूपचा (लांबट हिऱ्याचा) ठसा वापरतात, आमच्याकडं व्हिकर्स होता. ६५ मायक्रॉन काढले, ग्राइंडरवर नाही, काचेच्या तुकड्यावर डायमंड पेस्टनं हातानं, कारण ग्राइंडर नवे ओरखडे पाडतो. एका पट्टीला दीड तास. डायल गेजनं दर दहा मिनिटांनी जाडी बघायची. दोन पट्ट्यांत जास्त घासलं गेलं आणि तडाच संपला, त्या भलतीकडूनच तुटल्या. उरलेल्या पाच पट्ट्यांवर चंद्रकोर मोजून टफनेस ३.५.

भट्टीतनं ३.४, घासून ३.५. आता गार आकड्यावर विश्वास बसला.

८ ऑगस्ट
घासलेल्या पट्ट्या गरम तोडल्या. आता खरा उतार दिसतोय: गार ३.५, सहाशेला ३.१, हजारला २.८. वर कुठंच जात नाही. गरमीत लाल रंग जळून जातो त्यामुळं चंद्रकोर दिसत नाही, तड्याचं माप मी त्याच लॉटमधल्या गार तोडलेल्या पट्ट्यांवरून धरलंय, म्हणून गरम आकडे थोडे सैलच समजा.

मध्ये ५ तारखेला हजारला पोचल्यावर करंट गेला, दोन तासांनी आला. तीन पट्ट्या तशाच आत राहिल्या, त्या मोजणीतून काढल्या.

१४ ऑगस्ट
११५० ला दोन गोष्टी बघितल्या. हळू लोड दिला (सहा मिनिटं) तर पट्टी तुटायच्या आधी वाकली, बाहेर काढून पट्टीवर स्केल ठेवली तर मधून उजेड दिसतो. दाण्यांमधली काच मऊ पडते. म्हणजे तिथं टफनेसचा आकडा काढण्यात अर्थ नाही, मी सोडून दिलं.

दुसरं, ठसा मारलेल्या तीन पट्ट्या ११५० ला दोन तास ठेवून गार तोडल्या, तर दोन पट्ट्या ठशावरून तुटल्याच नाहीत, भलत्याच जागी तुटल्या. तडा भरून आला. तीच मऊ काच बारीक तड्यात शिरते.

१८ ऑगस्ट
पाण्यात टाकायची परीक्षा, पटकन. पट्टी तापवून बादलीतल्या पाण्यात टाकायची, वाळवून तोडायची. पाण्यापेक्षा १५० डिग्री जास्त असताना चांगल्या पट्ट्यांना काही झालं नाही. २०० च्या पुढं चांगल्या पट्ट्यांची ताकद एकदम निम्म्यावर. ओरखडे असलेल्या पट्ट्या १५० लाच गेल्या. शीथ भट्टीत एकदम खुपसू नका, एवढंच यातून.

२४ ऑगस्ट
आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तिकडं वळलो. तुटलेल्या आठ शीथ मी टाकल्या नव्हत्या. पाच शीथवर तुटायची सुरुवात कुठून झाली ते स्वच्छ दिसतं, आणि पाचही ठिकाणी ती एकाच जागेवर: होल्डरमध्ये शीथ धरायला जे तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) आहेत त्यातल्या एकाच्या टोकाखाली. डाय लावला तर अजून न तुटलेल्या, वापरात असलेल्या दोन शीथवरही स्क्रूखाली लाल चांदणी उमटली, चार कोपऱ्यांची नाही, वेडीवाकडी, पण आमच्या व्हिकर्सच्या ठशासारखीच. एकदम शांत बसलो. आम्ही पैसे देऊन पट्टीवर जे करून घेत होतो तेच आमचा माणूस ॲलन कीनं प्रत्येक शीथवर करत होता, आणि तसं घट्ट आवळायला मीच सांगितलेलं.

आणि हा भाग भट्टीच्या बाहेर असतो. हात लावून बघायचं धाडस नको, पण थर्मोकपलनं मोजलं तर १६० ते १९० डिग्री. म्हणजे स्क्रूखालची पाचर कधीच सैल पडत नाही, महिनोन् महिने तशीच तडा उघडत बसते, वर पावसाळ्याची ओल. आतला हजार डिग्रीतला भाग उलट सुटलेला असतो. सोमवारी सकाळी गार भट्टीजवळ कुणी होल्डरला धक्का दिला की झालं. शीथ गरमीनं तुटत नव्हती, जिथं गरमी पोचत नाही तिथंच तुटत होती.

१९ सप्टेंबर
गणपतीत शॉप बंद होतं, त्यानंतर हे बदल केलेत. ग्रब स्क्रू काढले. त्याजागी दोन अर्ध्या कड्यांचा क्लॅम्प, आत सिरॅमिक फायबरची दोरी, हातानं आवळेल एवढंच. क्लॅम्पचा लेथवरचा खर्च ३५० रुपये एकाला. नवीन शीथ आली की आधी डाय लावायचा, लाल रेघ दिसली की परत. पहिल्याच आठ शीथमध्ये एकीवर दिसली, कडेला, बहुतेक वाटेत आपटली असेल. शीथवरची खपली काढायला वायर ब्रश बंद, लाकडी पट्टी. ठेवायला लोखंडी रॅकवर फोम.

एकूण खर्च, भट्टी धरून, ३४००० च्या जरा वर. ९९.७ टक्केवाल्या मालाच्या २० पट्ट्या मागवल्यात, त्यात मधली काच जवळजवळ नसते, तर हजारला उतार किती कमी होतो आणि तडा भरून येतो की नाही ते दिवाळीनंतर. ठसे मारायला पट्ट्या लॅबला दिल्यात, या वेळी कर्णाची दिशा पेन्सिलनं पट्टीवर मारून.